स्वाभाविक म्हणजे काय?

मधल्या सुटीत दोन मुलांचे भांडण होते आणि एक जण दुसऱ्याला थोबाडीत मारतो. शिक्षकांनी कारण विचारले, की उत्तर ठरलेले असते : "त्याने मला चिडवले, मला राग आला, राग आल्यावर हात उचलला जाणे स्वाभाविकच आहे." उत्तर वरवर पाहता बिनतोड वाटते. मुलेच कशाला, मोठी माणसेही याच शब्दाचा आश्रय घेतात. आळस स्वाभाविक, लोभ स्वाभाविक, मत्सरही स्वाभाविक. जे निसर्गानेच दिले, त्याबद्दल माणसाला दोष कसा द्यावयाचा? परंतु माणसाच्या वागण्यात निसर्गाने दिलेले किती आणि त्याने स्वतः मिळवलेले किती, हे पाहिल्यावाचून हा शब्द वापरणे म्हणजे हिशेब न वाचता त्याखाली सही करण्यासारखे आहे.

निसर्गाची देणगी कशी असते, हे कीटकांत फार स्पष्ट दिसते. जाँ आंरी फाब्र (१८२३–१९१५) या फ्रेंच शास्त्रज्ञाने आपले आयुष्य कीटकांच्या निरीक्षणात घालवले. जमिनीत बीळ करून राहणारी एक गांधीलमाशी त्याने पाहिली. ही माशी रातकिड्याची शिकार करते. ती त्याला ठार मारीत नाही; नेमक्या जागी नांगी मारून लुळा करून टाकते. मग ती त्याला ओढत बिळाच्या तोंडाशी आणते, बाहेर ठेवते, आत जाऊन बीळ ठीक आहे की नाही ते पाहते, आणि वर येऊन शिकार आत ओढून नेते. त्या रातकिड्यावर ती अंडे घालते. अंड्यातून निघणाऱ्या अळीला ताजे अन्न तयार असते. शस्त्रवैद्याचे कौशल्य आणि आईची दूरदृष्टी दोन्ही एकत्र आल्यासारखी वाटतात!

फाब्रने मात्र एक खोडी काढली. माशी आत गेली असताना त्याने रातकिडा थोडा दूर सरकवला. माशी वर आली, शिकार शोधली, पुन्हा बिळाच्या तोंडाशी आणली आणि पुन्हा तपासणीसाठी आत गेली. फाब्रने रातकिडा पुन्हा सरकवला. असे चाळीस वेळा झाले. बीळ आताच पाहिले आहे, पुन्हा पाहण्याचे कारण नाही, एवढे साधे तिला कळले नाही. पहिली पायरी झाल्यावर दुसरी, दुसरीनंतर तिसरी, असा तिचा क्रम ठरलेला होता. यालाच उपजत प्रवृत्ती म्हणतात. तिला शाळा लागत नाही, हे तिचे सामर्थ्य. आणि ती सहसा प्रश्न विचारीत नाही, ही तिची मर्यादा.

येथेच थांबून 'प्राण्यांना प्रवृत्ती आणि माणसाला बुद्धी' अशी रेघ ओढण्याचा मोह होतो. जुन्या पुस्तकांतून ती पुष्कळदा ओढलेलीही आढळते. परंतु ती खरी नव्हे. त्याच जातीच्या माश्यांच्या दुसऱ्या एका वसाहतीत फाब्रने हाच प्रयोग केला, तेव्हा तेथील माश्या दोन-तीन वेळाच फसल्या; नंतर त्यांनी शिकार सरळ आत ओढून नेली. स्वतःच्या सिद्धान्ताला अडचणीत आणणारी ही गोष्ट फाब्रने लपवली नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाला साजेसेच होते. पुढे तर असे पुरावे वाढतच गेले. १९५३ साली जपानमधील कोशिमा बेटावर एका लहान माकडिणीने रताळ्याची माती पाण्यात धुऊन ते खाण्यास सुरुवात केली. तिचे पाहून इतर माकडेही तसे करू लागली. १९६० साली आफ्रिकेच्या अरण्यात जेन गुडाल यांना एक चिंपांझी वारुळात गवताची काडी घालून तीवर चढलेली वाळवी खाताना दिसला. विचाराची लहानशी पणती प्राण्यांच्या घरीही मिणमिणते आहे.

मग माणसात निराळे काय? नुकत्याच जन्मलेल्या बाळाला दूध ओढणे शिकवावे लागत नाही. त्याच्या तळहाताला बोट लावले, तर ते मूठ घट्ट मिटते. भूक, भीती, राग ही सारी निसर्गाचीच देणगी होय. भाषा शिकण्याची शक्तीही जन्मतःच असते. पण भाषा जन्मतः नसते. मराठी घरातील बाळ तान्हेपणी तमिळ घरात वाढले, तर ते तमिळच बोलेल. निसर्गाने त्याला कोरी पाटी दिलेली नाही, हे खरे. पण लिहून भरलेली पाटीही दिलेली नाही.

शिवाय माणूस आपल्या प्रवृत्तीकडे दुरून पाहू शकतो. भूक लागलेली असते, अन्न पुढे असते, आणि तरीही तो ठरवून उपास करतो. आग दिसली की पळावे, हे शरीर सांगते. तरी आग विझवणारा जवान पेटत्या घराच्या दिशेने जातो. त्याला भीती वाटत नाही असे नव्हे. भीती वाटते, पण काय करावयाचे हे ठरवण्याचा अधिकार त्याने भीतीच्या हाती दिलेला नसतो. थोबाडीत मारणाऱ्या मुलाच्या उत्तरात हीच फट आहे. राग येणे स्वाभाविक होते. हात उचलणे ही त्यापुढची गोष्ट होती, आणि या दोहोंच्या मध्ये एक क्षण होता.

'स्वाभाविक' या शब्दाचा याहून मोठा दुरुपयोग निराळाच आहे. मनुष्याने घातलेली रूढी निसर्गाच्या नावावर खपवली जाते. घर सांभाळणे हा स्त्रीचा निसर्गधर्म, तिला विद्या कशाला, असे म्हणणारे लोक १८४८ साली पुण्यात पुष्कळ होते. त्या वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली, आणि मुली शिकल्या. गंमत अशी, की निसर्गाकडे पाहिले तर उत्तर भलतेच मिळते. सुगरणीचे सुबक घरटे सर्वांच्या परिचयाचे आहे. नाव स्त्रीलिंगी; पण घरटे विणतो तो नर. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे या पक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पाहते, पसंत पडले तर त्यात राहते. मग नर दुसरे घरटे बांधावयास घेतो! म्हणून पुरुषांनीही तसेच वागावे काय? निसर्गातून हवा तो दाखला काढता येतो; म्हणूनच केवळ दाखल्याने काही सिद्ध होत नाही.

कधी चूक उलट दिशेनेही होते. दहा माणसांत साधारण एक जण जन्मतः डावखुरा असतो. अशा किती मुलांच्या डाव्या हातावर पूर्वी छडी बसली असेल! ज्या निसर्गाने कोणाचेही नुकसान होत नव्हते, तो मोडून काढण्यात शहाणपण मानले गेले. त्या छडीला शिस्त म्हणत. पण तीही एक न तपासलेली सवयच होती.

या साऱ्या प्रश्नाची कसोटी २० मार्च १९२७ रोजी महाड येथे लागली. तेथील चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, पाखरे पाणी पीत. पण अस्पृश्य मानलेल्या माणसांना ते पाणी वर्ज्य होते. तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तो कागदावरच राहिला. तहान ही निसर्गाची. ती सर्वांना सारखी लागते. मनाई मात्र माणसाची होती, आणि ती जणू सृष्टीचाच नियम आहे अशा थाटात शतकानुशतके पाळली गेली होती. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले.

त्यानंतर गावात अफवा पसरली, की हे लोक आता देवळात शिरणार. जमावाने परिषदेला आलेल्या माणसांवर लाठ्या चालवल्या. पुष्कळ जण जखमी झाले. मार खाणाऱ्यांची संख्या कमी नव्हती, आणि त्यांचा संताप अनावर होणे यापरते स्वाभाविक ते काय? बाबासाहेबांनी त्यांना हात न उचलण्यास सांगितले. त्यांनी ते ऐकले. तळ्याचा वाद न्यायालयात गेला आणि दहा वर्षे चालला. १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, की तळ्याचे पाणी घेण्यास त्यांना मनाई करता येणार नाही.