आधी ब्लॉक मोजा, मग पिस्टन घ्या

यामाहा आरएक्स 100 चे उत्पादन 1996 मध्ये थांबले. तरी मंडणगडहून म्हाप्रळच्या किंवा बाणकोटच्या रस्त्यावर तिचा आवाज अजून कानी पडतो. वडिलांची गाडी मुलगा बागेच्या कच्च्या वाटेवर, कातळावर, लाल मातीत पळवतो. मग कधीतरी किक हलकी लागते, चढाला गाडी दम सोडते, इंजिन खडखडते आणि मिस्त्री निदान करतो, ‘बोअर-पिस्टन करावं लागेल.’

इथे बहुतेक जण चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. ब्लॉक उघडण्याआधीच दुकानात जाऊन ‘चांगल्यातला पिस्टन द्या’ म्हणतात. पण कोणता पिस्टन घ्यायचा हे पाकिटावरचे नाव ठरवत नाही, सिलेंडर ठरवतो.

त्याआधी जुना पिस्टन नीट बघावा. कपडा मारून तो उजेडात धरला की बरेच कळते. सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर तेल कमी पडले असेल किंवा पेट्रोलचे मिश्रण पातळ झाले असेल. चारही कोपऱ्यांवर चट्टे असतील, तर मागच्या वेळी पिस्टन फार घट्ट बसवला होता किंवा थंड इंजिन एकदम रेटले होते. कार्बुरेटरच्या बाजूचा भाग निस्तेज आणि झिजलेला दिसला तर समजावे, एअर फिल्टरमधून धूळ आत गेली. वैशाखातल्या जांभ्याच्या धुळीत हे सर्रास होते. फिल्टर तसाच ठेवून कितीही भारी पिस्टन टाकला, तरी तोही त्याच वाटेने जाणार.

आता मापे. आरएक्सचे इंजिन 98 सीसीचे, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही 50 मिमी. लायनर बिडाचा असल्यामुळे तो बोअर करून 50.25, 50.50, 50.75 आणि शेवटी 51 मिमीचा पिस्टन बसवता येतो. बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजावा, कारण तो सगळीकडे सारखा झिजत नाही. घासल्यावर स्वच्छ होईल अशी सर्वांत लहान साइज निवडावी. पहिल्याच खेपेला 51 वर उडी मारणाऱ्याला जेमतेम 4 सीसी जास्त मिळतात आणि पुढची सगळी बोअरिंग संपतात.

पिस्टन हातात आल्यावर तोही मोजावा आणि मगच बोअर करून घ्यावे. पिस्टन आणि भिंत यांत साधारण 0.04 मिमी जागा लागते, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगते. जागा कमी पडली की इंजिन घाटात जाम होते, जास्त झाली की पिस्टन आपटतो. ‘बोटाने सोडला, अलगद उतरला, झालं’ ही पद्धत इथे चालत नाही.

फोर्ज्ड पिस्टनचे आकर्षण तरुणांत मोठे आहे. शर्यतीत तो मजबूत ठरतो, पण जास्त फुगत असल्याने त्याला जागाही जास्त लागते आणि थंड असताना तो वाजतो. बाजारहाट आणि बागेच्या फेऱ्यांसाठी चांगल्या कंपनीचा ओतीव पिस्टनच योग्य. परदेशी डर्ट बाइकचा हिशेब मात्र वेगळा. यामाहा वायझेड 125 सारख्या गाडीच्या सिलेंडरला आतून निकासिलचा कठीण थर असतो. तो साध्या बोअरिंगने घासायचा नसतो. तिथे ए, बी, सी अशा खुणांचे, मिमीच्या शंभराव्या भागाने वेगळे पिस्टन मिळतात.

बसवताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडेच हवा. टू-स्ट्रोकमध्ये रिंगांची टोके पिनेवर अडवलेली असतात. पिस्टन उलटा बसला तर ती पोर्टमध्ये अडकून तुटतात.

प्रत्येक गॅरेजला बोअरिंगचे मशीन परवडणार नाही, मान्य. ब्लॉक पिशवीत घालून महाडला किंवा खेडला न्यावा लागला तरी हरकत नाही. पण बोअर गेज आणि मायक्रोमीटर ही हत्यारे गॅरेजमध्ये असायलाच हवीत, आणि आयटीआयमधून शिकून आलेल्या पोरांच्या हाती ती द्यायला हवीत. गाडीवाल्यानेही बिलावर पिस्टनची साइज आणि सोडलेली जागा लिहून मागावी. पुढच्या वेळी ब्लॉक उघडेल तेव्हा मिस्त्रीला किती बोअरिंग शिल्लक आहेत, हे त्या कागदावरून कळेल.