पाळीव उंदराची वंशावळ

उंदीर पाळण्याची गोष्ट निघाली की आपल्याकडे बहुधा हसू येते, नाही तर किळस. यात भाषेचाही थोडा हात असावा. इंग्रजीत लहान व मोठ्या उंदरांना दोन निराळी नावे आहेत. मराठीत दोन्ही उंदीरच, आणि भाषांतर करताना दर वेळी ‘लहान’, ‘मोठा’ असे विशेषण जोडावे लागते. येथे ज्याचा विचार करावयाचा तो मोठा, तपकिरी उंदीर होय. शास्त्रीय नाव रॅटस नॉर्वेजिकस.

हा प्राणी माणसाळला तो एकोणिसाव्या शतकात. व्हिक्टोरिया राणीचा उंदीर पकडणारा म्हणून मिरवणारा लंडनचा जॅक ब्लॅक निराळ्या रंगाचे उंदीर मारीत नसे. त्यांची पैदास करून तो ते विकी. हेन्री मेह्यू याने लंडनच्या गरिबांविषयीच्या आपल्या ग्रंथात त्याची हकीकत नोंदविली आहे. पुढे १९७६ साली ब्रिटनमध्ये उंदीर पाळणाऱ्यांची राष्ट्रीय संस्थाही निघाली. तेव्हा उंदीर पाळावा की नाही, हा वाद मी येथे घालीत नाही. ज्याला पाळावयाचा आहे त्याने तो कोठून आणावा, एवढाच प्रश्न आहे.

उंदराचा स्वभाव बऱ्याच अंशी रक्तातून येतो. नोव्होसिबिर्स्क येथे दिमित्री बेल्यायेव यांच्या संस्थेत १९७२ पासून रानटी उंदरांचे दोन वंश वाढविण्यात आले. हातमोजा घातलेला हात पुढे केल्यावर जे शांत राहत त्यांचा एक. जे चवताळून येत त्यांचा दुसरा. अनेक पिढ्यांनंतर पहिल्या वंशातील उंदीर खुशाल हाती येऊ लागले, तर दुसऱ्या वंशातील हातावर तुटून पडू लागले. कोणाची पिल्ले वाढवावयाची, या निवडीचा हा परिणाम.

आरोग्याचे कोडे याहून अवघड आहे. उंदराची मादी पाच-सहा आठवड्यांतच वयात येते, तीन आठवड्यांत विते, आणि एका वेतात दहा-बारा पिल्लेही होतात. मात्र तिच्या स्तनांतील गाठी बहुधा वयाच्या दीड वर्षानंतर दिसू लागतात. श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा नावाचे जंतू बहुतेक पाळीव उंदरांत दबून असतात. पिंजऱ्यातील घाणीचा अमोनिया त्यांना बळ देतो, आणि म्हातारपणी धाप लागते. म्हणजे मादीचे दोष उघडे पडेपर्यंत तिची नातवंडे-पतवंडेसुद्धा जन्मून गेलेली असावयाची. म्हणून जो आपल्या उंदरांचे म्हातारपण पाहतो व लिहून ठेवतो, तोच खरा जबाबदार पैदासकार, असे माझे मत आहे. सापांच्या खाद्यासाठी घाऊक पैदास करणाऱ्याला हे टिपण ठेवण्याचे कारणच नसते, आणि दुकानदाराला तर पिल्लाची आईही ठाऊक नसते.

घरगुती पैदास म्हणजे निर्धोक, असेही समजू नये. २०१७ साली अमेरिकेत पाळीव उंदरांमार्फत सोल विषाणूचा फैलाव झाला. सात राज्यांतील सतरा माणसांना त्याची बाधा झाल्याचे आढळले, आणि तो घरी पैदास करणाऱ्यांमध्येच उंदरांच्या देवघेवीतून पसरला होता. तेव्हा बाहेरून आणलेला उंदीर आपण किती दिवस वेगळा ठेवता, हा प्रश्न पैदासकाराला विचारावा. यात संकोच कसला? पिल्लाचे आजी-आजोबा किती जगले व कशाने गेले, हेही विचारावे. उत्तर येत नसेल तर रंगावर भुलू नये.

उंदरांची पैदास मुळी करावीच का, निराश्रित उंदीरच का घेऊ नयेत, असा आक्षेप निघतो. ते जरूर घ्यावेत. ते उत्तमच आहे. परंतु पाळणारे आहेत तोवर पिल्ले कोठून तरी येणारच, आणि मग ती हिशेब ठेवणाऱ्याकडून यावीत.

असा पैदासकार स्वतःही चौकशी करतो. सहा आठवड्यांच्या आतले पिल्लू तो देत नाही. उंदीर कळपाने राहणारा असल्यामुळे एकटे पिल्लूही बहुधा देत नाही. एकाच लिंगाची दोन देतो. पुढे सांभाळणे न जमल्यास परत घेण्याचे वचन देतो. त्याच्या बदल्यात घेणाऱ्याकडेही एक काम उरते. दोन-अडीच वर्षांनी उंदीर गेला, की त्याचे वय व मृत्यूचे कारण त्याने पैदासकाराला कळवावे. त्या वहीतले ते रकाने दुसरा कोणी भरू शकत नाही.