कलेचे समेकन की कलाशिक्षकाचे विसर्जन?

‘कला-समेकित अध्ययन’ हा शब्दप्रयोग अलीकडे आपल्या शाळांच्या कार्यालयांत चांगलाच रुळला आहे. गणित, विज्ञान, इतिहास, भाषा हे विषय चित्र, संगीत, नाट्य, नृत्य यांच्या अंगाने शिकवावेत, असा त्याचा अर्थ. कल्पना उत्तम आहे. तिच्या नावाने जे चालले आहे ते मात्र उत्तम नाही. आणि ख्रिस्तसभेच्या छत्राखालील शाळांतही ते चालावे, हे मला लांच्छनास्पद वाटते. शब्द कठोर आहे, पण तो मागे घेण्याचे कारण मला दिसत नाही.

काय चालले आहे ते प्रथम पाहू. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९ साली आपल्या संलग्न शाळांत कलेच्या माध्यमातून अध्यापन सक्तीचे केले. पाठोपाठ कलाधिष्ठित प्रकल्प आले. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ योजनेत जे राज्य आपल्या जोडीला असेल त्याची कला प्रकल्पात यावी असे ठरले. महाराष्ट्राच्या जोडीला ओडिशा आले. ओडिशाचे पटचित्र ही केवढी समृद्ध परंपरा! चित्रकार तेथे कापडावर चिंचोक्याच्या खळीचा आणि खडूच्या भुकटीचा लेप देऊन पट सिद्ध करतो, तो घोटतो, मग शंखाचा पांढरा, काजळीचा काळा असे रंग स्वतः तयार करतो. यात रसायनशास्त्र आहे, भूगोल आहे, श्रमाचा इतिहास आहे. आपल्या मुलांच्या हाती यातले काय आले? दुकानातून छापून आणलेले रंगीत चित्र, पुठ्ठा, कडेने सोनेरी टिकल्या आणि खाली आईच्या सुवाच्य अक्षरातील माहिती. प्रकल्प पूर्ण, गुण पूर्ण. राज्य मंडळाच्या आपल्या मराठी शाळांत प्रकल्पांचा जाच तितका नाही. तेथे तक्त्यांचा आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी भिंती तक्त्यांनी भरतात आणि तपासणीनंतर त्या तक्त्यांवर धूळ बसते.

आता शिक्षकाकडे वळू, कारण दोष बहुधा त्याच्याच माथी मारला जातो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले. २०१९ साली सुरू झालेल्या ‘निष्ठा’ प्रशिक्षणात कला-समेकित अध्ययनाचा स्वतंत्र घटक होता. पुढच्याच वर्षी ते प्रशिक्षण संगणकाच्या पडद्यावर गेले. आपल्या राज्यात बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवडश्रेणी मिळते, आणि दोहोंसाठी प्रशिक्षण आवश्यक असते. म्हणजे शिक्षकाच्या वाढीचा खरा हिशेब शासनदरबारी दोनदाच मांडला जातो, तोही वेतनासाठी. मग चित्रफीत पडद्यावर सुरू ठेवून शिक्षिका स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असेल, तर मी तिला दोष देणार नाही. तिच्या हाती कुंचला न देता, तिच्या गळ्यातून एक सूर न काढता, जी चित्रफीत तिला कलेविषयी पन्नास मिनिटे व्याख्यान देते, ती दोषी आहे. पोहणे शिकवावयाचे तर पाण्यात उतरावे लागते, हे आपल्या समुद्रकाठच्या माणसांना कोणी सांगावयास नको.

परंतु या साऱ्याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. ‘समेकन’ हा शब्द आता कलाशिक्षकाला घरी पाठविण्याचे निमित्त ठरू लागला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीचा पट शंभरावर असलेल्या शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत एवढीच अट घातली. शंभरांच्या खालच्या शाळेला तेवढेही बंधन नाही. एकदा चित्रकलेचा शिक्षक निवृत्त झाला की त्याची खुर्ची रिकामी राहते, मग त्याचा वर्ग भांडारगृह होतो, आणि कोणी विचारलेच तर उत्तर सिद्ध असते : ‘आता सर्वच शिक्षक कला शिकवतात, वेगळा शिक्षक हवा कशाला?’ वाचकहो, हे उत्तर किती चतुर आहे पाहा. सर्वांनी प्रार्थना करावी म्हणून कोणी धर्मगुरूची नेमणूक रद्द केल्याचे ऐकिवात नाही!

धोरणाचा आधार घ्यायचा तर तो पूर्ण घ्यावा. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा असे सुचविले होते. २०२३ च्या आराखड्याने कलाशिक्षणाला अभ्यासक्रमाचे स्वतंत्र क्षेत्र म्हणून स्थान दिले. समेकन हे कलेच्या स्वतंत्र तासाला पर्याय आहे, असे या कागदांत कोठेही नाही. तो अर्थ व्यवस्थापनांनी आपल्या सोयीने काढला आहे.

आपल्या व्यवस्थापनांना हा अर्थ मुळीच शोभत नाही, कारण आपली परंपरा नेमकी उलट सांगते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. जन्माने इंग्रज, शिक्षणाने युरोपीय. नवख्रिस्ती लोकांना पुराणांची गोडी होती आणि त्यांना ख्रिस्ताची कथा तशाच रूपात हवी होती. फादरांनी एखादा स्थानिक कवी बोलावून आपल्या धर्मशिक्षणाला चार ओव्यांची झालर लावून घेतली नाही. ते स्वतः ओवी शिकले. इतके शिकले की सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ त्यांच्या हातून उतरले आणि १६१६ साली राशोल येथे छापले गेले. आगमन आणि ग्रंथ यांत सदतीस वर्षांचे अंतर आहे. शिक्षकाची व्यावसायिक वाढ म्हणतात ती हीच, आणि तिला प्रमाणपत्र नव्हते. कथा, भाषा, संगीत आणि धर्मबोध यांचे समेकन या ग्रंथात इतके पूर्ण आहे की कोणता भाग कलेचा आणि कोणता शिकवणुकीचा, हे वेगळे काढता येत नाही.

गोव्यातील धर्मग्रामांच्या जुन्या शाळांचेही तेच. तेथील गावशाळेत मास्तर अक्षरांबरोबर स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत असे, कारण रविवारच्या उपासनेला गायकवृंद हवा असे. त्या परंपरेतून पुढे किती संगीतकार मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले! माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. त्यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. ही परंपरा वसाहतीच्या सत्तेखाली रुजली आणि तिच्या कडू बाजूही होत्या, हे मी विसरलेलो नाही. परंतु मास्तराच्या हातात व्हायोलिन होते, ही गोष्ट त्याने खोटी ठरत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला आणि स्थानिक भाषा व स्थानिक संगीत यांना वेदीपर्यंत वाट करून दिली. पेटी-तबला वेदीजवळ गेला. तिथून शंभर पावलांवर असलेल्या शाळेच्या फळ्याजवळ मात्र तो अद्याप पोहोचलेला नाही. तेथे कला वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनाच्या रात्री, भाड्याच्या पोशाखात आणि ध्वनिमुद्रित चित्रपटगीतावर अवतरते. तिचा सराव करून घेण्यासाठी बाहेरून नृत्यदिग्दर्शक येतो, महिनाभर तास बुडतात, आणि जानेवारीत सारे गणिताकडे परततात. हा खर्च मात्र कोणालाही जड वाटत नाही.

वसईच्या कोणत्याही गावात डिसेंबरात फिरून पाहा. तरुण मंडळी रात्र रात्र जागून नाताळचा गोठा उभारतात : माती, पेंढा, पाण्याचा प्रवाह, डोंगर, दिव्यांची मांडणी. घराघरांवर तारे झळकतात. आता बहुतेक तारे प्लास्टिकचे असतात, हा खेदाचा विषय वेगळा. पण बांबूच्या कामट्यांचा तारा बांधणारे हात अजून आहेत. त्या ताऱ्यात नववीच्या भूमितीचा एक अख्खा पाठ आहे. पाच समान कामट्या एकमेकींवर टाकून टोके बांधली की प्रत्येक टोकाचा कोन छत्तीस अंशांचा होतो आणि मध्ये सम पंचकोन उमटतो. पाच छत्तीस म्हणजे एकशे ऐंशी. आता एखाद्या मुलाच्या कामट्या लहानमोठ्या निघाल्या, तारा तिरका झाला, तर? पाच टोकांच्या कोनांची बेरीज तरीही एकशे ऐंशीच भरते. का? ते सिद्ध करण्यासाठी त्रिकोणाच्या दूरस्थ आंतरकोनांचे प्रमेय लागते, जे मुलाच्या पुस्तकात आहेच. पुढे, असे दोन तारे टोकांशी जोडून मधल्या पंचकोनाच्या कोपऱ्यांत पाच आखूड काड्या उभ्या केल्या की सपाट आकृतीला पोट येते आणि आत दिवा मावतो. द्विमितीतून त्रिमितीत जाणे म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कोणता तक्ता दाखवील?

संगीताचे घ्या. अर्धा वर्ग दादऱ्याच्या सहा मात्रांवर टाळी देतो, अर्धा केरव्याच्या आठ मात्रांवर. दोन्ही गटांची सम पुन्हा एकत्र कधी येईल? चोविसाव्या मात्रेनंतर, पंचविसाव्या टाळीवर. लघुतम साधारण विभाज्य हे शब्द ज्याला पाठ होत नाहीत, त्या मुलाच्या तळहातांना ते कळते. आणि घुमट? मातीचे मडके, एका तोंडाला ताणलेले कातडे. ताण वाढला की स्वर चढतो, हा विज्ञानाचा पाठ. पूर्वी ते कातडे घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते चालत नाही, बकऱ्याचे वापरतात, हा नागरिकशास्त्राचा. गोव्याने २०१९ साली घुमटाला वारसा-वाद्याचा मान दिला, हा इतिहासाचा. एका मडक्यात चार तास आहेत.

मात्र या पाठांची एक अट आहे. गणिताच्या शिक्षिकेला कामटी तासता आली पाहिजे किंवा ज्याला ती येते असा सहकारी तिच्या शेजारी असला पाहिजे. टाळी चुकली तर सांगणारा कोणी हवा. येथेच कलाशिक्षक लागतो. तो हद्दपार झाला की उरते ते पाढ्यांचे बेसूर गाणे, ज्यात ना पाढे नीट ना गाणे. असे गाणे गणिताचा अपमान करते आणि संगीताचाही.

आपल्याच जिल्ह्यात याचे धडे मिळाले आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागड्या साधनांऐवजी त्यांनी पाने, खडे, बिया, माती आणि आदिवासी मुलांची स्वतःची गाणी वापरली. सेवाग्रामला शांतिनिकेतनातून आलेले देवीप्रसाद स्वतः कुंभारकाम करणारे कलावंत होते आणि मुलांचे शिक्षकही. कला हा शिक्षणाचा पाया आहे हे त्यांनी हात मातीत घालून सांगितले. या मंडळींजवळ पैसा नव्हता. म्हणून ‘निधी नाही’ हे उत्तर मला पटत नाही.

दुसरे उत्तर पालकांच्या नावाने दिले जाते : त्यांना गुण हवेत. खरे आहे, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे वाढीव गुण दहावीत मिळतात म्हणून त्या परीक्षेला होणारी गर्दी आपण पाहतोच. यावर काही कलाप्रेमी अतिउत्साहाने सांगतात की कलेने गणिताचे गुण वाढतात. हा युक्तिवाद मी करणार नाही, कारण तो सिद्ध झालेला नाही. २००० साली एलन विनर आणि लोइस हेटलंड या अमेरिकन संशोधिकांनी शेकडो अभ्यास तपासले. कलासमृद्ध शिक्षणाने इतर विषयांतील गुण वाढतात असा कार्यकारणसंबंध त्यांना आढळला नाही. वर्गात केलेल्या नाट्याने मात्र भाषिक कौशल्ये सुधारतात, असे दिसले. तेव्हा पालकांना खोटे आमिष दाखवू नये. मूल गाऊ शकते, रंग पाहू शकते, दुसऱ्याच्या भूमिकेत शिरू शकते, हे त्याच्या माणूसपणाचे अंग आहे. ते अंग वाढविणे शाळेचे कर्तव्य नसेल, तर शाळेच्या दारावर संताचे नाव कोरण्याचे प्रयोजन काय?

तिसरे उत्तर वेळेचे. येथे मी व्यवस्थापनांशी थोडा सहमत आहे. शिक्षकाचा दिवस माहिती भरण्यात, निवडणुकीच्या कामांत, पोषण आहाराच्या नोंदींत जातो. त्यात १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे अशा शिक्षकांनाही पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे आवश्यक ठरविले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न त्या निकालाने मोठ्या खंडपीठाकडे सोपविला, तरी धास्ती आपल्याही शिक्षककक्षांत पोहोचली आहे. प्राथमिक स्तराच्या त्या परीक्षेत बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास असतो. कलेविषयी स्वतंत्र विभाग नाही. शासन एका हाताने कला-समेकनाचे परिपत्रक देते आणि दुसऱ्या हाताने जी परीक्षा घेते तिच्यात कलेला जागा नसते. हे शासनाचे झाले. आपल्या हातात काय आहे?

आठवड्याचा एक तास आपल्या हातात आहे. शनिवारी मुले सुटल्यावर शिक्षकांनी एक तास स्वतः शिकावे : चित्रकलेच्या शिक्षकाकडून रेषा, गायकवृंदाच्या प्रमुखाकडून सूर, गावातल्या तारा बांधणाऱ्याकडून कामटी, लग्नगीते जाणणाऱ्या आजीकडून सामवेदीतील गाणी. त्या तासाचा अहवाल कोणी मागू नये. निवृत्त कलाशिक्षकाची जागा शासन भरत नसेल, तर धर्मग्रामाने मानधन देऊन ती भरावी. सणाच्या रोषणाईतून आणि स्नेहसंमेलनाच्या भाड्याच्या पोशाखांतून तेवढी रक्कम निघते की नाही, हे हिशेबाची वही उघडून आर्थिक समितीने एकदा लोकांसमोर सांगावे. आणि पुढील पालकसभेत निकालाची टक्केवारी वाचून झाल्यावर कोणीतरी उठून विचारावे, की चित्रकलेचा वर्ग कोठे आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे.