महिला गटाची रेघ कुठे आखायची?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की महाराष्ट्रातल्या गावोगावची पहाट बदलते. भिवंडीतल्या कामतघरसारख्या यंत्रमागांच्या वस्तीपासून विदर्भातल्या आडगावापर्यंत तरुण-तरुणी उजाडायच्या आत धावायला बाहेर पडतात. सरावाचा रस्ता एकच असतो, पण चाचणीत मुलांना १६०० मीटर धावायचे असते आणि मुलींना ८०० मीटर. मुलांच्या हातात ७.२६ किलोचा गोळा येतो, मुलींच्या हातात ४ किलोचा. कबड्डीतही तेच. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटरचे, महिलांचे १२ बाय ८ मीटरचे. यात पक्षपात आहे असे कोणी म्हणत नाही. शरीरे वेगळी म्हणून मापे वेगळी, हे सर्वांना मान्य आहे. पण या दोन मापांपैकी कुठल्याच मापात सरळ न बसणारी व्यक्ती समोर आली तर काय करायचे?

हा प्रश्न महाराष्ट्रापुढे २०२२ मध्ये थेट न्यायालयात उभा राहिला. पोलीस भरतीच्या अर्जात ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ एवढेच दोन रकाने होते. आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल या दोन पारलिंगी उमेदवारांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. न्यायाधिकरणाने त्यांच्यासाठी सोय करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने सरकारलाच नियम करायला लावले आणि शारीरिक चाचणी त्यानंतरच घ्या असे बजावले. नोकरीच्या बाबतीत या प्रश्नाला वाट काढता येते. चाचणीचे माप कामाच्या गरजेवरून ठरवता येते आणि जागा राखून ठेवता येतात. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत पारलिंगी व्यक्तींसाठी १ टक्का आरक्षण दिले, ते याच वाटेने. खेळात मात्र सुवर्णपदक एकच असते आणि संघात जागा अकराच. तिथे एकाला आत घेतले की दुसऱ्याला बाहेर बसावे लागते. म्हणूनच महिला क्रीडागटात पारलिंगी स्त्रियांना, म्हणजे जन्मावेळी मुलगा अशी नोंद झालेल्या पण स्वतःची ओळख स्त्री अशी असलेल्या व्यक्तींना, खेळू द्यावे का, हा वाद जगभर इतका तापला आहे.

मराठी घरांत हा वाद पोहोचला तो क्रिकेटमधून. भारताचे माजी अष्टपैलू खेळाडू संजय बांगर यांची कन्या अनाया बांगर हिने २०२४ मध्ये आपले स्थित्यंतर जाहीर केले. मुंबईच्या मैदानांवर वयोगटांतील क्रिकेट खेळलेल्या अनायाने स्त्रीत्वाकडे नेणारे संप्रेरक उपचार घेतले, आणि उपचारांच्या या वाटेवर आपला आवडता खेळ सोडावा लागत असल्याची वेदना उघडपणे मांडली. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने नियम केला होता की, ज्या व्यक्तीचे शरीर पुरुष म्हणून वयात आले आहे तिला महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत खेळता येणार नाही, मग शस्त्रक्रिया किंवा उपचार कोणतेही झालेले असोत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडाकडून खेळून आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेटमधली पहिली पारलिंगी खेळाडू ठरलेल्या डॅनियल मॅकगाहे हिची कारकीर्द या नियमाने थांबली. अनायाने २०२५ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात झालेल्या आपल्या शारीरिक चाचण्यांचा अहवाल जाहीर केला. आपली ताकद, दम आणि हिमोग्लोबिन महिला खेळाडूंच्या मर्यादेत आहे, तेव्हा नियमाचा पुन्हा विचार करा, अशी तिची मागणी आहे.

या मागणीकडे नीट पाहायचे तर आधी महिला गट मुळात कशासाठी आहे हे लक्षात घ्यावे लागते. दहा वर्षांच्या मुलामुलींना एकत्र पळवले तर कोण जिंकेल हे सांगणे कठीण असते. फरक पडतो तो वयात आल्यावर. प्रौढ पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण लिटरमागे साधारण ७.७ ते २९.४ नॅनोमोल असते, स्त्रीच्या रक्तात बहुतेक वेळा २ पेक्षा कमी. या संप्रेरकाने मुलांची उंची वाढते, हाडे लांब आणि जाड होतात, खांदे रुंदावतात, स्नायू भरतात, हृदय आणि फुप्फुसांचा आकार वाढतो, रक्तातले हिमोग्लोबिन सुमारे १२ टक्क्यांनी अधिक राहते. त्याचा परिणाम जागतिक विक्रमांत दिसतो. १०० मीटर धावण्यात उसेन बोल्टचा विक्रम ९.५८ सेकंदांचा, फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरचा १०.४९ सेकंदांचा. लांब उडीत पुरुषांचा विक्रम ८.९५ मीटर, महिलांचा ७.५२ मीटर. धावण्यात साधारण १० टक्के, उडीत जवळजवळ १९ टक्के. महिलांचा गट वेगळा नसता तर अंतिम फेरीच्या रांगेत एकही स्त्री उभी राहिली नसती. ही रेघ स्त्रियांना कमी लेखण्यासाठी आखलेली नाही. त्यांच्या मेहनतीला फळ मिळावे म्हणून ती आखलेली आहे.

आता कळीचा प्रश्न असा, की वयात आल्यानंतर टेस्टोस्टेरॉन औषधाने खाली आणले तर हा फायदा पुसला जातो का? उत्तर आहे: काही अंशी. हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येते. स्नायू मात्र सावकाश उतरतात. वर्षभराच्या उपचारांनंतर ते साधारण ५ टक्क्यांनीच घटतात, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात दिसले. वाढलेली उंची, हातापायांची लांबी आणि हाडांचा सांगाडा तर परत फिरतच नाही. अमेरिकी हवाई दलातल्या पारलिंगी स्त्रियांच्या नोंदी २०२० मध्ये अभ्यासल्या गेल्या. उपचारांच्या दोन वर्षांनंतर जोर आणि उठाबशा यांतली त्यांची आघाडी संपली होती, पण दीड मैल धावण्यात त्या सहकारी स्त्रियांपेक्षा १२ टक्के वेगवानच राहिल्या होत्या.

चित्राची दुसरी बाजूही आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या निधीतून झालेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पारलिंगी महिला खेळाडूंच्या हाताची पकड इतर महिला खेळाडूंपेक्षा मजबूत आढळली, पण उडीची उंची आणि वजनाच्या मानाने प्राणवायू वापरण्याची क्षमता कमी निघाली. जड सांगाडा आणि घटलेले स्नायू असा हा उलटा मेळ असतो. म्हणजे भालाफेकीला जे लागू पडते ते लांब पल्ल्याच्या धावण्याला लागू पडेलच असे नाही. शिवाय यातले बहुतेक अभ्यास मोजक्या व्यक्तींवरचे आहेत, आणि उच्च दर्जाच्या पारलिंगी खेळाडूंवरचे तर फारच थोडे. अनायाचा अहवाल एका खेळाडूचा आहे. त्यावरून सर्वांसाठी नियम बदलता येत नाही, तसाच तो फेकूनही देता येत नाही. एका व्यक्तीने मोजमाप पुढे ठेवले असेल, तर ते तपासण्याची रीत क्रीडासंस्थांकडे असायला हवी.

हे सारे एकत्र ठेवले तर निष्कर्ष असा निघतो: राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर, विशेषतः वेग, ताकद आणि अंगाला अंग भिडण्याच्या खेळांत, पुरुष म्हणून वयात आलेल्या शरीराला महिला गटात मोकळा प्रवेश न देणे आजच्या पुराव्यांना धरून आहे. जलतरणाच्या जागतिक संघटनेने २०२२ मध्ये आणि मैदानी खेळांच्या संघटनेने २०२३ मध्ये घेतलेल्या निर्णयांमागे हाच विचार आहे. वर्षानुवर्षे राबून जिल्ह्याच्या संघात पोहोचलेल्या मुलीने, हरल्यावर ‘शर्यत बरोबरीची होती ना’ असे विचारले, तर तिला मनाचा कोतेपणा म्हणून गप्प बसवणे अन्यायाचे आहे.

पण नियम योग्य असला तरी तो राबवताना काय घडते, याचा इतिहास सुखाचा नाही. आणि त्याचे घाव बहुतेक करून पारलिंगी नसलेल्या स्त्रियांनीच सोसले आहेत. तमिळनाडूच्या शांती सौंदरराजन हिने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्यपदक जिंकले. लिंगचाचणीनंतर ते काढून घेतले गेले आणि तिच्या शरीराची चर्चा जगभर झाली. ओडिशाच्या द्युती चंद हिला २०१४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळले, कारण तिच्या शरीरात नैसर्गिकरीत्याच टेस्टोस्टेरॉन जास्त होते. ती क्रीडा लवादाकडे गेली आणि २०१५ मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला. या दोघी मुली म्हणूनच जन्मल्या, मुली म्हणूनच वाढल्या. लैंगिक विकासातल्या जन्मजात वेगळेपणाचा प्रश्न आणि पारलिंगी असण्याचा प्रश्न हे दोन निराळे प्रश्न आहेत. बातम्यांत आणि चावडीवर मात्र त्यांची सर्रास गल्लत होते.

मैदानी खेळांच्या जागतिक संघटनेने सप्टेंबर २०२५ पासून महिला गटातल्या प्रत्येक खेळाडूला आयुष्यात एकदा एसआरवाय या जनुकाची चाचणी सक्तीची केली आहे. वाय गुणसूत्रावरचे हे जनुक सहसा पुरुषांत असते. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर ही चाचणी होते. ऐकायला सोपी. पण हे जनुक १९९० मध्ये शोधणाऱ्या गटातले ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच तिच्या अशा वापरावर आक्षेप घेतला आहे. जनुक आहे याचा अर्थ शरीराने टेस्टोस्टेरॉनचा लाभ घेतलाच असा होत नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ३३८७ महिला खेळाडू तपासल्या गेल्या. त्यांपैकी ८ जणींची चाचणी ‘वेगळी’ आली, आणि सखोल तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिले गेले. त्यांपैकी सात जणींचे शरीर टेस्टोस्टेरॉनला कमी दाद देणारे किंवा अजिबात दाद न देणारे होते. चाचणीनंतर सावध तपास झाला नसता, तर आठ जणींच्या कारकिर्दीवर एका कागदाने शाई फिरवली असती.

ऑलिम्पिकमध्ये निदान तज्ज्ञ डॉक्टर तरी असतात. कामतघरमध्ये किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावी आंतरशालेय कबड्डीचा सामना चालू असताना काय होईल? केस बारीक कापलेली, आवाज जाड असलेली, अंगाने थोराड मुलगी चढाईत गुण घेऊन परतली, की समोरच्या संघाचा पालक उठून ‘ही मुलगी आहे कशावरून’ असे विचारू लागेल. वरच्या पातळीवरचा नियम खाली झिरपतो तो असा, अफवेच्या रूपात. ज्या घरांत मुलीला हाफ पँट घालून मैदानावर पाठवायलाच आधी दहा वेळा विचार होतो, तिथे असा एक प्रश्न तिचा खेळ कायमचा बंद करायला पुरेसा आहे. बरोबरीच्या नावाने काढलेली रेघ मुलींनाच घरी बसवणार असेल, तर ती रेघ चुकीच्या जागी पडली म्हणायची.

म्हणून भारतीय क्रीडासंस्थांनी पातळीनुसार वेगळा विचार करायला हवा. बारा वर्षांखालील मुलामुलींच्या खेळात लिंगाचा प्रश्न आणण्याचे शास्त्रीय कारण फारसे नाही. शाळा, वस्ती आणि हौशी क्लबांच्या पातळीवर सुरक्षितता सांभाळून सर्वांना सामावून घेता येते, मिश्र संघ आणि खुले गट ठेवता येतात. निवड, पदक आणि शिष्यवृत्ती जिथे सुरू होते तिथे प्रत्येक खेळाचा स्वतंत्र, लेखी आणि आधी जाहीर झालेला नियम हवा. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने देशांतर्गत स्पर्धांचा निर्णय त्या त्या मंडळावर सोडला आहे. भारतीय क्रिकेट मंडळाने याबाबत आपला नियम कारणांसह लोकांपुढे ठेवावा. तपासणीची वेळ आलीच तर ती डॉक्टरांच्या समितीने, खेळाडूच्या संमतीने, समुपदेशकाच्या मदतीने आणि पूर्ण गुप्ततेत करावी. केवळ दिसण्यावरून केलेली तक्रार दाखलच करून घेऊ नये. आणि जिला महिला गटात जागा नाही असे सांगायचे, तिने खेळायचे कुठे हेही सांगावे. केरळने २०१७ मध्ये तिरुवनंतपुरमला पारलिंगी व्यक्तींसाठी क्रीडास्पर्धा भरवून एक वाट दाखवली. ती एका स्पर्धेपुरती नको, सरावाच्या मैदानापर्यंत आणि प्रशिक्षकापर्यंत जाणारी हवी.

मैदानावर चुन्याने रेघ आखताना आखणारा माणूस आधी दोरी ताणून बघतो, कारण एकदा पडलेल्या रेघेवरच सगळा खेळ चालतो. इथली दोरी विज्ञानाची आहे आणि ती अजून पुरती ताणलेली नाही. जिथे ती सरळ झाली आहे तिथे रेघ आखायला कचरू नये. जिथे झालेली नाही तिथे खेळाडूच्या अंगावर चुना उडवू नये.