फाटकाच्या आतली आफ्रिका

संपादकमहाशय,

आपण दिवाळी अंकासाठी माझ्याकडे आफ्रिकेचे प्रवासवर्णन मागितलेत. ते मी देऊ शकत नाही. कारण अगदी साधे आहे. मी आफ्रिकेत गेलोच नाही. घाना देशाची राजधानी अक्रा, तिथे मी सहा रात्री राहिलो हे खरे. पासपोर्टावर शिक्का आहे, पिवळ्या तापाची लस टोचून घेतल्याचा दाखला आहे, सामानात दोन केंटे पट्ट्याही आहेत. पण या सहा रात्री मी ज्या जागी काढल्या तिला आफ्रिका म्हणण्याचे धाडस माझ्याच्याने होत नाही. प्रवासवर्णनाऐवजी भांडण चालणार असेल, तर ते माझ्याजवळ पुष्कळ आहे.

माझे काम पंपांचे. जन्म त्यातच गेला, आणि निवृत्तीनंतरही कारखान्याने एक जुना जाणकार म्हणून मला टेमाच्या बंदराकडे पाठवले. सकाळी मोटारीने टेमा, संध्याकाळी परत. उतरण्याची व्यवस्था अक्राच्या विमानतळालगतच्या एका बुटिक हॉटेलात. आमच्या पेठेत बुटिक म्हणजे ब्लाऊज बेतून मिळण्याचे ठिकाण. तेव्हा हॉटेलाचे हे विशेषण वाचून मी प्रथम गोंधळलोच. तिथे गेल्यावर कळले की अर्थात फारसा फरक नाही. गिऱ्हाईकाच्या मापाचे बेतून देतात. गिऱ्हाइकाला जेवढी आफ्रिका सोसते तेवढीच कापायची, बाकीचे कापड बाजूला टाकायचे. खोल्या बावीस, कुंपणाच्या भिंतीवर विजेची तार, आत निळे पाणी, पांढऱ्या छत्र्या आणि दिवाणखान्यात ओळीने लाकडी मुखवटे. आसांते लोकांची कीर्ती केंटे वस्त्रासाठी, सोने तोलण्याच्या नक्षीदार पितळी वजनांसाठी आणि लाकडी आसनांसाठी. मुखवट्यांची परंपरा त्यांची नव्हे. पण पाहुण्याला आफ्रिका म्हटली की मुखवटा लागतो, म्हणून तो टांगलेला.

या वस्तीचे नावच मुळी एअरपोर्ट रेसिडेन्शिअल एरिया. शेजारची वस्ती कँटोनमेंट्स. पुण्याच्या माणसाला या शब्दाचा अर्थ सांगायला नको. गोऱ्या साहेबाने जगभर एकाच साच्याने गावे पाडली, एक राहणाऱ्यांचे आणि एक राबणाऱ्यांचे. पण गंमत पाहा. विमानतळावरून शहराकडे जातो तो रस्ता लिबरेशन रोड. याच वस्तीतल्या एका रस्त्याला पॅट्रिस लुमुंबाचे नाव आहे. काँगोचा तो पंतप्रधान १९६१ च्या जानेवारीत मारला गेला. आणि खुद्द विमानतळाला १९६९ साली नाव दिले ते जनरल कोटोकाचे. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी क्वामे एन्क्रुमा परदेशी गेले असताना त्यांचे राज्य उलथून टाकणाऱ्या अधिकाऱ्यांतला हा एक म्होरक्या. पुढच्याच वर्षी, १७ एप्रिलला, एका फसलेल्या बंडात तोही मारला गेला. स्वातंत्र्य, हौतात्म्य आणि बंड अशा तिन्ही गोष्टी हॉटेलापासून चालत जाण्याच्या अंतरावर. हॉटेलच्या माहितीपुस्तिकेत यातले एक अक्षर नाही. मालिशचे दर मात्र दोन पानांवर आहेत.

दराचे नाव निघालेच आहे तर तेही सांगून टाकतो. दर डॉलरमध्ये. घानाचे चलन सेडी. परकी चलनात भाव लावायचा नाही असा २००६ चा कायदा आहे आणि तिथली मध्यवर्ती बँक त्याची आठवण पुनःपुन्हा करून देत असते. मी हे स्वागतकक्षातल्या मुलीला विचारले. ती गोड हसली. २०२२ च्या डिसेंबरात त्या देशात महागाईचा दर चोपन्न टक्क्यांवर गेला होता आणि सरकारने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले होते. त्या काळात ज्याची मिळकत सेडीत होती तो होरपळला आणि ज्याचे दरपत्रक डॉलरमध्ये होते तो तरला. त्या मुलीचा पगार कशात मिळतो हे विचारण्याचा निर्लज्जपणा मी केला नाही. पण डॉलरमध्ये मिळत नसावा, एवढे तिच्या हसण्यावरून कळले.

वीज गेली तर? तिथे विजेच्या जाण्यायेण्याला ‘डुमसोर’ असा एक झकास शब्द आहे. डुम म्हणजे विझणे, सोर म्हणजे पेटणे. आपल्या भारनियमनापेक्षा कितीतरी बोलका! हॉटेलात मात्र हा शब्द ऐकू येत नाही. वीज गेली की अर्ध्या मिनिटात जनित्र धडधडू लागते, आणि भिंतीपलीकडची गल्ली काळोखात आहे हे तुम्हांला कळतसुद्धा नाही.

जेवणाविषयी चार ओळी जास्त लिहितो, कारण माझा राग तिथे खरा आहे. सहाही सकाळी माझ्यापुढे पाव, आम्लेट आणि डब्यातल्या बियांची उसळ आली. भारतीय पाहुणा म्हणून कौतुकाने रात्री बटर चिकनही विचारले गेले. आणि फाटकापासून दोनशे पावलांवर एक बाई मोठ्या पातेल्यातून वाचे विकत होती! वाचे म्हणजे तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवलेला भात; त्याला तांबूस रंग येतो तो ज्वारीच्या वाळलेल्या पानांनी. ज्वारीच्या! सोलापूरच्या माणसाने ऐकावे आणि डोळे मिटून घ्यावेत. वर शितो नावाची काळी, तिखट चटणी. तिच्यात सुकी मासळी असते, तेव्हा शाकाहाऱ्याने जपून. बाई हे सगळे हिरव्या पानात बांधून देते. “बाहेरचे खाऊ नका, साहेब, पोट बिघडेल,” असे मला हॉटेलात तीनदा बजावण्यात आले. मी चौथ्या दिवशी खाल्ले. पोट बिघडले नाही. पोट बिघडले ते पाचव्या दिवशी, हॉटेलच्या सॅलडने. पण तो मुद्दा मी ताणत नाही.

तिथेच मुंबईचे एक व्यापारी उतरले होते. वर्षातून चार फेऱ्या. माणूस वाईट नाही. माझी औषधाची गोळी संपली तेव्हा त्यांनीच दिली. तलावाकाठी बसून ते मला म्हणाले, “इथे बरे वाटते. आफ्रिकेत आल्यासारखे वाटतच नाही.” आणि मग तासभर ते आफ्रिकेविषयीच बोलले! इथला माणूस कसा आळशी, वेळ कशी पाळत नाही, विश्वास कुणावर ठेवू नये. वीस वर्षांत ते अक्राच्या ट्रोट्रोत एकदाही बसलेले नव्हते. ट्रोट्रो म्हणजे आपली वडापची गाडी. दारात लटकलेला पोऱ्या ‘सर्क, सर्क, सर्क’ असे ओरडत एन्क्रुमा सर्कलची गिऱ्हाइके गोळा करतो. ती पहाटे भरून निघते, कारण आळशी म्हणवल्या जाणाऱ्या माणसांना हॉटेलांतल्या पाहुण्यांचा नाश्ता वेळेवर मांडायचा असतो.

पण हे सगळे वरवरचे. माझे भांडण फाटकाशी आहे.

टेमाच्या कारखान्यातल्या फोरमनचे वडील निवृत्त गणितशिक्षक. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. हिंदुस्थानातून कुणी आले आहे, म्हणून त्यांना मला भेटायचे होते. रामानुजनविषयी बोलायचे होते. ६ मार्च १९५७ च्या मध्यरात्री, गोऱ्यांच्या पोलोच्या मैदानावर एन्क्रुमांनी स्वातंत्र्याची घोषणा केली, तेव्हा हा माणूस वडिलांचे बोट धरून त्या गर्दीत उभा होता. मी त्यांना संध्याकाळी सहाला हॉटेलवर बोलावले. सात वाजले तरी पत्ता नाही. वेळ कशी पाळत नाहीत हे लोक! होय, संपादकमहाशय, हे वाक्य माझ्याच मनात आले. व्यापाऱ्याचे संगतीचे पाणी. मग मी सहज फाटकापर्यंत गेलो. मास्तर पावणेसहापासून पहारेकऱ्याच्या चौकीबाहेर लाकडी बाकावर बसले होते. इस्त्रीचा सदरा, हातात कागदात गुंडाळलेले पुस्तक. पहारेकऱ्याने त्यांचे नाव वहीत लिहून घेतले होते, ओळखपत्र ठेवून घेतले होते आणि आत वर्दी दिली होती म्हणे. ती आत कुठेतरी विरून गेली. त्याच वेळात माझ्यासारखे तीन परके, त्यांतले दोघे हाफपँटीत, त्याच फाटकातून आत गेले. त्यांना कुणी नाव विचारले नाही.

पहारेकऱ्यावर मी चिडलो नाही; तो हुकमाचा ताबेदार. मालकही, चौकशीअंती कळले, अक्राचाच. म्हणजे काळ्या-गोऱ्याचा सोपा हिशेबही इथे बसत नाही. मास्तर मात्र हसत होते. “ज्या मैदानात मी स्वातंत्र्य पाहिले, त्याच्या फाटकाबाहेर माझे वडील कितीदा उभे होते. मी तासभरच बसलो. ही प्रगतीच म्हणायची,” असे म्हणून त्यांनी मला माझा जन्मवार विचारला. मला येईना. पत्रिका आठवून शुक्रवार म्हणालो. “मग तुम्ही कोफी,” ते म्हणाले. तिथे जन्मवारावरून नाव पडते. शनिवारचा तो क्वामे, रविवारचा तो क्वासी. सहा दिवसांत त्या देशाने मला दिलेली ही एकच वस्तू; आणि तीही फाटकाबाहेर.

आता मला कुणी सांगेल की पाहुण्याला सुरक्षितता नको का? मध्यरात्री विमानातून उतरलेल्या माणसाला गरम पाणी आणि स्वच्छ चादर नको का? हवी. मलाही हवी होती. हॉटेलमुळे चाळीसएक कुटुंबांची चूल पेटते हेही खरे. चादरीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ज्याच्या देशाची हवा खायला आपण आलो त्यालाच संशयित ठरवून मिळणाऱ्या सुरक्षिततेला. वॉटसन हॉटेलात जमशेटजी टाटांना शिरू दिले नाही आणि म्हणून ताजमहाल हॉटेल उभे राहिले, ही कथा आपण तीन पिढ्या चघळतो आहोत. तिला पुरावा किती हे इतिहासकारांनी पाहावे; आपल्याला ती प्रिय आहे खरी. मग अक्रात मास्तर बाहेर बसलेले असताना आत पावावर लोणी फासणारे आपण त्या कथेत कोण?

विमानतळापासून फार दूर नाही असे घानाच्या अध्यक्षांचे निवासस्थान २००८ साली आपल्याच देशाने दिलेल्या कर्जातून मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने बांधले. व्यापारी मला ते अभिमानाने दाखवत होते. त्यांनी न दाखवलेली दुसरी जागा म्हणजे लेगॉनचे विद्यापीठ. तिथे २०१६ च्या जूनमध्ये आपल्या राष्ट्रपतींच्या हस्ते गांधीजींचा पुतळा बसवला गेला, आणि २०१८ च्या डिसेंबरात तो हलवला गेला. दक्षिण आफ्रिकेतल्या उमेदीच्या वर्षांत गांधीजींनी तिथल्या काळ्या माणसांविषयी जे हिणकस लिहिले, ते तिथल्या प्राध्यापकांनी शब्दशः पुढे ठेवले. आपल्याकडे केवढा संताप झाला! कृतघ्न म्हणालो आपण त्यांना. गांधीजी पुढे बदलले हे मला मान्य आहे, मी ते मास्तरांना सांगितलेही. मास्तर म्हणाले, “ते बदलले. तुमच्या लोकांचे काय?”

मी काय सांगणार होतो? २०१७ च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने मारले, ते मास्तरांनी वाचलेले होते. त्यांनी न वाचलेले मला ठाऊक होते. पुण्यात आमच्या सोसायटीच्या सभेत ‘आफ्रिकन भाडेकरू ठेवू नये’ असा ठराव तोंडी झाला होता. इतिवृत्तात नाही, वकिलाने तसा सल्ला दिला होता. मी त्या सभेत होतो. चहा घेतला आणि घरी आलो.

हॉटेल सोडताना अभिप्रायाचा कागद भरून मागितला. बिछाना, नळ, नाश्ता, नोकरांची वागणूक, सगळ्यांना रकाने. फाटकाला रकाना नव्हता. मी समासात लिहिले. आठवड्याने आभाराचे पत्र आले. पुढच्या मुक्कामाला दहा टक्के सूट.

मास्तरांचा नातू जुलैत पुण्याला शिकायला आला. सोसायटीत दोन सदनिका रिकाम्या होत्या. चिटणीसांनी मला बाजूला घेऊन समजुतीने सांगितले. तेव्हा तो आमच्या मागच्या खोलीत राहतो. आमच्या सौभाग्यवतींनी त्याला थालीपीठ शिकवले आहे, आणि तो तिला ‘काकू’ म्हणतो. रोज संध्याकाळी तो परत आला की फाटकावरचा रखवालदार वही पुढे करतो आणि तो नाव, वेळ, कुणाकडे जायचे ते मुकाट्याने लिहितो. चार महिने झाले. वहीत इतर कुणाचेही नाव नाही. या रविवारी सभा आहे. विषयपत्रिकेत शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ असते, त्यात मी वही घेऊन उभा राहणार आहे.

आपला,
कोफी (पुणे)