बटण बंद, तरी दिवा चालू

दसरा-दिवाळीच्या आधीचे दिवस आपल्या धंद्याचे. घरात रंगकाम निघते, त्यामागोमाग पीओपी निघते आणि शेवटी, बाकी सगळ्यांचे पैसे भागवून झाल्यावर, वायरमनला फोन जातो. या हंगामात एक तक्रार हमखास येणार. ‘बटण बंद केलं तरी बल्ब बारीक पेटलेलाच राहतो.’ किंवा, ‘रात्री मधूनच लुकलुकतो हो, आई म्हणते घरात काहीतरी आहे.’ आपल्यातल्या बहुतेकांचे त्यावरचे उत्तर ठरलेले असते: माल हलका आहे, चांगल्या कंपनीचा घ्या. ग्राहक चांगल्या कंपनीचा आणतो. तोही लुकलुकतो.

अशा बहुतेक घरांत खोट दिव्यात नसते, वायरिंगमध्ये असते. आणि ती एलईडीने आणलेली नसते. साध्या पिवळ्या बल्बने इतकी वर्षे ती झाकून ठेवली होती, एवढेच.

६० वॉटचा पिवळा बल्ब म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे ८८० ओहमचा रोध. थंड असताना त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. तो पेटायला पाव अँपिअर लागतो. आता कन्सील्ड पाइपमधून बटणाकडे जाणारी जिवंत तार आणि बटणाकडून दिव्याकडे येणारी तार शेजारी-शेजारी दहा-बारा मीटर धावतात. दोन तारा आणि मध्ये पीव्हीसी, म्हणजे झाला कपॅसिटर. बटण बंद असले तरी त्यातून मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका प्रवाह झिरपतोच. पिवळ्या बल्बला त्याची दखलही नव्हती. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये मात्र रेक्टिफायर आणि त्यामागे कपॅसिटर बसलेला असतो. तो हे थेंब साठवत राहतो, पुरेसे साठले की दिवा एकदा चमकतो, रिकामा होतो आणि पुन्हा साठवायला लागतो. आईला दिसलेले ‘काहीतरी’ ते हेच.

जिन्याच्या टू-वे वायरिंगमध्ये तारा लांब असतात, म्हणून तिथे हे जास्त दिसते. ज्या बटणात लाल इंडिकेटर आहे तिथे तर आपण स्वतःच बटणाला समांतर वाट करून दिलेली असते, कारण तो इंडिकेटर दिव्यातूनच न्यूट्रल मिळवतो. बॉक्समध्ये न्यूट्रल आणलेला असेल तर इंडिकेटर त्यावर घ्या, नसेल तर साधे बटण बसवा. तेही शक्य नसेल तर दिव्याला समांतर मेनसाठीचा एक्स-टू वर्गाचा छोटा कपॅसिटर टाकला की झिरपलेला प्रवाह तिकडे वळतो. पंख्याचा जुना कपॅसिटर पिशवीत आहे म्हणून तोच जोडून देऊ नका, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

या सगळ्यात धोका नाही, त्रास आहे. धोका आहे तो बटण न्यूट्रलवर असण्यात. जुन्या वाड्यांत, चाळींत, एकामागून एक चार जणांनी हात घातलेल्या बोर्डांत हे किती सर्रास आहे ते आपल्याला ठाऊक आहे. मुख्य बोर्डावर कधीतरी फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, दिवे लागले, काम संपले. पिवळा बल्ब फेज कापला काय आणि न्यूट्रल कापला काय, सारखाच विझायचा. बटण बंद असतानाही होल्डरची पिन जिवंत आहे हे कळायचे ते स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्याला. एलईडी ते जमिनीवरूनच दाखवतो, बारीक पेटून. म्हणून मंद पेटलेला दिवा दिसला की आधी हीच शंका घ्यावी.

तपासताना नुसत्या टेस्टरवर जाऊ नका. टेस्टरमधला निऑनही झिरपलेल्या प्रवाहावर पेटतो, म्हणजे बटण फेजवर असले तरी तो ‘आहे’ म्हणणार. दिवा काढा, बटण बंद ठेवा आणि होल्डरची एकेक पिन व बोर्डातला खात्रीचा न्यूट्रल यांच्यामध्ये झीरोचा पिवळा बल्ब लावा. खरा फेज असेल तर तो पेटेल. नुसता भास असेल तर ढिम्म राहील. न्यूट्रलऐवजी अर्थ घ्यायची घाई करू नका, आरसीसीबी असेल तर ट्रिप होईल आणि सगळ्या घराचा टीव्ही बंद केल्याचे खापर तुमच्यावर.

दुसरी तक्रार आयुष्याची. ‘खोक्यावर २५,००० तास लिहिलंय आणि वर्षात गेला.’ रोज पाच तास धरले तर २५,००० तास म्हणजे साडेतेरा वर्षांहून जास्त, तेव्हा ग्राहक चिडणारच. पण तो आकडा चिपचा आहे: इतक्या तासांनी तिचा उजेड सत्तर टक्क्यांवर येईल, एवढाच त्याचा अर्थ. मरतो तो ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरमध्ये बहुधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा जुना हिशोब. पिवळ्या बल्बची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापायची आणि उष्णता उजेडाबरोबरच बाहेर फेकायची. त्याला बंद काचेच्या गोळ्यात कोंडले तरी फारसे बिघडत नसे. नऊ वॉटचा एलईडीही निम्म्याहून अधिक वॉट उष्णतेतच घालवतो, पण ती पुढे उजेडाबरोबर जात नाही. ती मागे, मानेकडे, अंगातून निघते. आणि आपण काय करतो? तोच बाथरूमचा काचेचा गोळा, तोच गेटच्या खांबावरचा बंद डबा, त्यात एलईडी उलटा टांगायचा, म्हणजे गरम हवा वर चढून नेमकी ड्रायव्हरभोवती कोंडते. तिथे फिटिंग बदलायला सांगावे किंवा कमी वॉटचा दिवा घालावा. फॉल्स सीलिंगच्या पॅनेललाही हेच लागू. ड्रायव्हर पीओपीवर मोकळा ठेवा, वायरच्या भेंडोळ्याखाली दाबू नका. एका एमसीबीवर वीस-पंचवीस पॅनेल घेतली असतील तर बटण दाबताच बी-कर्व्हचा एमसीबी उडू शकतो. लोड जास्त म्हणून नव्हे, सगळे ड्रायव्हर एकदम चार्ज होतात म्हणून. तिथे सी-कर्व्ह घ्या किंवा सर्किट विभागा.

तिसरी गोष्ट सैल न्यूट्रल. सोसायटीच्या मीटर खोलीत थ्री-फेजचा सामाईक न्यूट्रल सुटला की कमी लोड असलेल्या फ्लॅटमध्ये व्होल्टेज चढत चढत चारशेच्या दिशेने जाते. पूर्वी बल्ब लख्ख पांढरे होऊन उडायचे आणि सगळे धावत खाली यायचे. आता एका रात्रीत पाच दिवे, राउटर आणि चार्जर जातात आणि दोष ‘चायना माला’वर जातो. एकाच घरातले एकापेक्षा जास्त दिवे एकदम गेले असतील तर नवे दिवे आणायला पाठवू नका. आधी न्यूट्रल लिंकचे स्क्रू आवळा.

एलईडीचे वकीलपत्र घ्यायला आम्ही बसलेलो नाही, पण एक गोष्ट त्याच्या पदरात घालायला हवी. आपल्या खेड्यांत संध्याकाळी व्होल्टेज बसते. २३० च्या जागी २०७ आले तर पिवळ्या बल्बचा उजेड जवळपास तीन दशांश घटतो. १६० ला तो नुसता लालसर निखारा. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी तिथेही तसाच जळतो. आणि विजेचा हिशोब तर उघड आहे: ६० वॉट रोज पाच तास म्हणजे महिन्याला ९ युनिट, नऊ वॉटचा एलईडी १.३५. देवघरातल्या झीरोच्या बल्बबद्दल मात्र ग्राहकाला कोणीच सांगत नाही. नाव झीरो, खाणे बारा ते पंधरा वॉट. पंधरा वॉटचा तो चोवीस तास जळला की महिन्याला जवळजवळ ११ युनिट, म्हणजे हॉलमधल्या ६० वॉटच्या बल्बपेक्षा जास्त. घरातला पहिला दिवा बदलायचा तर हा.

या बदलात वायरमन मागे कसा राहिला, तेही पाहिले पाहिजे. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना देशभर सुरू झाली. ती राबवणाऱ्या ईईएसएलला २०१४ मध्ये तीनशेच्या वर पडणारा बल्ब २०१६ पर्यंत चाळीसच्या खाली आला, आणि योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघर गेले. लोकांनी ते आणले आणि जुन्याच होल्डरमध्ये स्वतः अडकवले. दोन पिनांचा बल्ब फिरवायला वायरमन कशाला हवा? सोय झाली, वीज वाचली, त्यात वाद नाही. पण इलेक्ट्रॉनिक वस्तू जुन्या वायरिंगला जोडली जात असताना ते वायरिंग तपासायला कोणी गेलेच नाही. आपल्यालाही बोलावले नाही, आणि आपणही ‘एवढ्याशा कामाला’ गेलो नसतो.

आता उलट्या बाजूची चूक सुरू झाली आहे. ‘एलईडी काय खातो हो’ म्हणत लाइट पॉइंटला बेल वायर ओढलेली आम्ही पाहतो. वायरची जाडी दिव्यावरून ठरत नाही, मागच्या एमसीबीवरून ठरते. दहा अँपिअरच्या एमसीबीमागे अर्धा चौरस मिलिमीटरची वायर असेल तर एमसीबी पडायच्या आधी वायर जळेल. शिवाय त्या पॉइंटला उद्या घरमालक काय लावील ते ना त्याला माहीत, ना आपल्याला.

मालाबद्दल एवढेच की खोक्यावर आणि दिव्यावर बीआयएसचे चिन्ह व नोंदणी क्रमांक बघा, वॉटऐवजी ल्युमेन वाचा, आणि बेडरूममध्ये ६५०० केल्विनचा निळसर पांढरा लावून देण्याआधी एकदा विचारा. मेलेली चिप शॉर्ट करून दहा रुपयांत दिवा पेटवून देणारे आहेत. हुन्नर आहे, नाकारत नाही. पण वरची टोपी काढलेल्या अशा दिव्यात चिपची पट्टी सरळ मेनला जोडलेली असते. तो टोपीशिवाय कोणाच्या हाती देऊ नका.

आणि पिवळा बल्ब पूर्ण हद्दपार करू नका, निदान आपल्या पिशवीतून तरी. सिरीज बोर्डावर तोच लागतो. शॉर्ट असेल तर लख्ख, लोड असेल तर मंद, तुटले असेल तर अंधार, ही भाषा फक्त तारेच्या बल्बला येते. त्या जागी एलईडी लावाल तर तो काही मिलिअँपिअरवरही पेटून बसेल आणि चांगली मोटर शॉर्ट म्हणून रिवाइंडिंगला जाईल. शंभर वॉटचा बल्ब दुकानात मिळेनासा होत चालला आहे. दिसला की चार-पाच घेऊन ठेवा.

राहिला प्रश्न पैशाचा. न्यूट्रल तपासणे, पोलॅरिटी बघणे, लिंक आवळणे याला आपल्याकडे दर नाही, म्हणून ते काम होत नाही. दिवाळीच्या बिलात ‘पॉइंट तपासणी’ अशी वेगळी ओळ लिहा आणि तिचे पैसे मागा. पहिल्या दोन-चार ग्राहकांशी घासाघीस होईल. त्यांच्यापुढे बटण बंद करून होल्डरच्या पिनेवर तो झीरोचा बल्ब पेटवून दाखवा.