‘शंका’ विचारणाऱ्यालाच दोषी का ठरवता?

मी बंगळूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. गेल्या महिन्यात, आपल्याच देशातल्या प्रोग्रामरांनी चालवलेल्या एका प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने सदस्यांकडून सूचना मागवल्या. हे ठिकाण आणखी चांगले कसे करता येईल, असा साधा प्रश्न होता. सूचनांचा पाऊस पडला. डार्क मोड हवा, शोध वेगवान हवा, मोबाइलवर कोड नीट दिसायला हवा. सगळ्या रास्त मागण्या. मीही चार सूचना लिहिल्या. नवख्याचा प्रश्न बंद करताना त्याला कळेल असे कारण द्या. भारतीय भाषांत प्रश्न विचारू द्या. ‘गुरू’, ‘पंडित’ असल्या पदव्या काढून टाका. आणि सदस्यांची पाहणी कराल तेव्हा आईवडील किती शिकले हे विचारा, जातही विचारा. उत्तर द्यायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर ठेवा.

पहिले उत्तर आले, ‘इथे तरी जात आणू नका.’ दुसरे आले, ‘दर्जा घसरेल.’ संध्याकाळपर्यंत ‘विषयाशी संबंध नाही’ असा शेरा मारून माझी सूचना बंद झाली. डार्क मोड मात्र मंजूर झाला.

त्या संकेतस्थळाचे नाव मी इथे घेत नाही. कारण हा प्रश्न एका संकेतस्थळाचा नाही.

मी परभणी जिल्ह्यातला. घरातला पहिला पदवीधर. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना जावाचा एक छोटा प्रोग्राम लिहीत होतो. वापरकर्त्याने टाइप केलेला शब्द आणि माझ्या प्रोग्राममधला शब्द सारखे आहेत का, एवढेच तपासायचे होते. दोन बरोबर-चिन्हे लावून तुलना केली. दोन्ही शब्द कोडमध्येच लिहिले की उत्तर बरोबर येई. कीबोर्डवरून घेतला की तोच शब्द ‘वेगळा’ ठरे. दोन दिवस डोके आपटले. शेवटी असल्याच एका संकेतस्थळावर मोडक्या इंग्रजीत लिहिले, ‘रिस्पेक्टेड सर, आय हॅव अ डाउट.’

अर्ध्या तासात चार उणे मते पडली. एकाने लिहिले, ‘हा प्रश्न शंभरदा विचारून झालाय. शोधता येत नाही का?’ दुसऱ्याने माझ्या ‘डाउट’ची टर उडवली. प्रश्न बंद झाला. त्यानंतर तीन वर्षे मी कुठेही जाहीरपणे प्रश्न विचारला नाही.

उत्तर सोपे होते. दोन बरोबर-चिन्हे शब्दातली अक्षरे तपासत नाहीत. ती स्मृतीतली वस्तू तीच आहे का, एवढेच पाहतात. अक्षरे तपासायला ‘इक्वल्स’ वापरावे लागते. हे मला वसतिगृहातल्या एका दादाने रात्री जेवणाच्या रांगेत सांगितले. तो म्हणाला, “माझंही असंच झालं होतं. कोणाला सांगू नको.” ते ‘कोणाला सांगू नको’ मला आजही बोचते. न कळणे ही लपवायची गोष्ट आहे, हे आम्ही दोघेही तोवर शिकून बसलो होतो.

आता ‘शोधता येत नाही का’ या प्रश्नाकडे पाहू. शोधायला शब्द लागतो. ‘वस्तूचा संदर्भ’ आणि ‘वस्तूचे मूल्य’ हे दोन वेगळे असतात, हे ज्याला माहीत आहे तो एका ओळीत शोधून काढेल. पण हे ज्याला माहीत आहे, त्याला तो प्रश्न पडतच नाही. ज्याला पडतो, त्याच्याकडे फक्त ‘माझा प्रोग्राम चालत नाही’ एवढेच शब्द असतात. म्हणजे नियम असा झाला की उत्तर अर्धे ठाऊक असेल त्यानेच प्रश्न विचारावा.

आणि हा नियम सगळ्यांवर सारखा पडत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा मोठा भाऊ पुण्यात कंपनीत होता. तोच प्रश्न त्याने फोनवर विचारला. दोन मिनिटांत उत्तर मिळाले. कोणी उणे मत दिले नाही, कोणी टर उडवली नाही, आणि त्याच्या अज्ञानाची कुठे नोंदही राहिली नाही. ज्याच्या घरात, सोसायटीत, नात्यात इंजिनीअर आहेत, त्याच्या बाळबोध शंका घरातच मिटतात. बाहेर येतो तेव्हा तो तयार प्रश्न घेऊन येतो. आपल्याला मात्र बाळबोध शंकाही चारचौघांत विचारावी लागते. मग त्याचा प्रश्न ‘दर्जेदार’ आणि आपला ‘कचरा’. यालाच हे लोक गुणवत्ता म्हणतात. अजंथा सुब्रमण्यन यांनी आयआयटी मद्रासचा अभ्यास करून २०१९ साली ‘द कास्ट ऑफ मेरिट’ हे पुस्तक लिहिले. वारशाने मिळालेली जातीची पुंजी स्वतःच्या कर्तृत्वाच्या नावावर कशी जमा होते, हा त्याचा विषय आहे. प्रोग्रामिंगच्या संकेतस्थळांवर ही जमा रोज होते.

सगळ्यांना ठाऊक असलेले उदाहरण घेऊ. स्टॅक ओव्हरफ्लो हे जगातले सर्वांत प्रसिद्ध प्रोग्रामिंग प्रश्नोत्तर संकेतस्थळ २००८ साली सुरू झाले. तिथे नवा सदस्य १ गुणाने सुरुवात करतो. अनेक वर्षे १५ गुण झाले की दुसऱ्याच्या लेखनाला अधिक मत देता येई. ५० झाले की कोणाच्याही प्रश्नाखाली टिप्पणी करता येई. ३००० झाले की इतरांचे प्रश्न बंद करण्यासाठी मत देता येते. तिथल्या बिल्ल्यांत एक ‘गुरू’ आहे आणि एक ‘पंडित’सुद्धा आहे.

ही वर्णव्यवस्था आहे, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे, पण खोटे आहे. जात जन्माने मिळते आणि मरेपर्यंत सुटत नाही. हे गुण कमावता येतात. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिच्यात खालच्याला वर जायची वाटच नसते. इथे वाट आहे. माझा आक्षेप वाटेच्या सुरुवातीला आहे. पहिली पायरी कोणाच्या गुडघ्याएवढी आणि कोणाच्या छातीएवढी, हे बघायला कोणी तयार नाही.

आणि बघायचे ठरवले तर बदलता येते, याचा पुरावाही तिथेच आहे. एप्रिल २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोच्या कंपनीने स्वतःच जाहीर लिहिले की आमचे संकेतस्थळ नवख्यांना, स्त्रियांना, गौरेतर लोकांना आणि उपेक्षित समूहांतल्या इतरांना आपले वाटत नाही, आणि हे बदलले पाहिजे. त्याच वर्षी नव्या सदस्याच्या नावाजवळ तो नवा असल्याची खूण दिसू लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये चांगल्या प्रश्नाला मिळणारे गुण ५ वरून १० केले गेले, म्हणजे चांगल्या उत्तराइतकेच. प्रश्न विचारणे हेही योगदान आहे, हे मान्य करायला ११ वर्षे लागली. २०२४ मध्ये नवख्याचा प्रश्न जाहीर होण्याआधी जाणत्यांनी तो सुधारायला मदत करावी, अशी वेगळी जागा सुरू झाली. यातले काहीही केल्याने आकाश कोसळले नाही.

पण त्या यादीत जात नाही. २०२१ च्या त्यांच्या सर्वेक्षणात अमेरिकेच्या खालोखाल सर्वाधिक प्रतिसाद भारतातून आले. त्या प्रश्नावलीत लिंग, वंश, लैंगिकता, मानसिक आरोग्य हे सगळे विचारले होते. जात नव्हती. २०१८ च्या सर्वेक्षणात पालकांचे शिक्षण विचारले होते. २०२१ मध्ये तोही प्रश्न राहिला नाही. म्हणजे तुमच्यामाझ्यासारखे किती जण येतात, किती टिकतात आणि किती जण पहिल्याच उणे मतानंतर परत जातात, हे मोजायचे साधनच नाही. जे मोजले जात नाही, ते ‘अस्तित्वातच नाही’ असे सांगायला हे लोक मोकळे. आपल्याकडे जातनिहाय जनगणनेला विरोध करणारेही हाच युक्तिवाद करत आले आहेत.

‘संगणकाला जात कळत नाही’ असे मला सुनावले गेले. संगणकाला कळत नसेल, माणसांना कळते. सॉफ्टवेअर कंपन्यांनी भरलेल्या सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी घालणारा कायदा केला, तो उगाच नव्हे.

पदव्यांबद्दलची माझी सूचना सर्वांत जास्त हास्यास्पद ठरली. ‘शब्दांना काय धरून बसता?’ मग आठवण करून देतो. गिटहबने ऑक्टोबर २०२० पासून नव्या प्रकल्पांच्या मुख्य शाखेचे नाव ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ केले, कारण त्या शब्दाला गुलामगिरीचा वास येतो. तेव्हा आपल्याकडच्या पुरोगामी इंजिनीअरांनी टाळ्या वाजवल्या. अमेरिकेतला ‘मास्टर’ खटकतो आणि इथला ‘पंडित’ खटकत नाही, याला काय म्हणायचे? अंगठा मागणारा गुरू आपल्याला चांगला ठाऊक आहे. जाणत्याला ‘जाणता’ म्हणा, ‘मदतनीस’ म्हणा. ज्ञानाला ब्राह्मणी बिरुद कशाला?

एका बाबतीत मात्र मी नियम करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. अशा बहुतेक ठिकाणी ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिलेले चालत नाही; नमस्कार-आभार खोडून टाकतात. मला हा नियम आवडतो. आमच्या बापजाद्यांना अर्जाच्या वर ‘मायबाप सरकार’ लिहावे लागले. नातवाने तरी सरळ प्रश्नाला हात घालावा. पण हे त्याला नीट सांगा. ‘इथे कोणी साहेब नाही, तू बरोबरीने विचार’ असे सांगितले तर तो मुलगा ताठ होतो. त्याच्या ‘सर’ची खिल्ली उडवली तर तो कायमचा गप्प बसतो. ‘डाउट’चेही तेच. आपल्या शाळांत, तमिळनाडूपासून बिहारपर्यंत, शिक्षकाला ‘डाउट’च विचारतात. मराठीत आपण शंका विचारतो. ती चूक नाही, ती आपली इंग्रजी आहे.

आता ‘दर्जा घसरेल’ या भीतीबद्दल. उत्तर देणारे फुकट राबतात, तेच तेच प्रश्न वाचून थकतात, हे मला मान्य आहे. आज मीही उत्तरे देतो आणि कधीकधी वैतागतो. म्हणून ‘प्रश्न बंद करू नका’ असे मी म्हटलेलेच नाही. जुन्या उत्तराकडे पाठवा, पण त्यातला कोणता भाग याला लागू पडतो हे एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहायला टोमणा लिहिण्याइतकाच वेळ लागतो. उत्तराबाबत कडक राहा. विचारणाऱ्याबाबत कडक राहून कोणाचा कोड सुधारतो?

भाषेचेही तसेच. स्टॅक ओव्हरफ्लोची पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत स्वतंत्र संकेतस्थळे आहेत. एकाही भारतीय भाषेत नाही. ‘प्रोग्रामिंगची भाषा इंग्रजीच’ असे म्हणणाऱ्यांनी जपानी माणसाला जाऊन सांगावे. कोड तोच राहतो. समजावणे मराठीत, तेलुगूत, हिंदीत होऊ शकते. इंग्रजी आपण शिकायचीच आहे, सोडायची नाही. पण ‘इक्वल्स’ कळण्याआधी इंग्रजीची परीक्षा द्यायला लावणे म्हणजे गणिताच्या वर्गाला इंग्रजीचे कुलूप लावणे.

काही जण म्हणतात, आता हे सगळे कशाला, यंत्राला विचारा. चॅटबॉट टर उडवत नाही, हे खरे. रात्री दोन वाजता एकट्या मुलीला तो उत्तर देतो, हेही खरे. पण यंत्र ओळख देत नाही, शिफारस करत नाही, ‘माझ्या कंपनीत जागा आहे, अर्ज कर’ असे म्हणत नाही. ते माणसे करतात, आणि माणसे समुदायात भेटतात. तिथून आपण बाहेर राहिलो, तर उत्तरे मिळतील पण नोकऱ्या पुन्हा ओळखीतल्यांनाच जातील.

तेव्हा माझे सांगणे माझ्यासारख्यांनाच आहे. तुम्ही पोहोचला आहात. तुमच्याकडे मत देण्याचा, प्रश्न बंद करण्याचा, सूचना लिहिण्याचा अधिकार आहे. आठवड्यातून एका नवख्याच्या शंकेचे उत्तर द्या. त्याच्या भाषेत देता आले तर उत्तमच. सूचना मागवल्या जातील तेव्हा डार्क मोडच्या गर्दीत आपली सूचना टाका, आणि खऱ्या नावाने टाका. एकट्याची सूचना ‘विषयाशी संबंध नाही’ म्हणून बंद करता येते. शंभर जणांनी तीच लिहिली, तर तोच विषय होतो.

मी माझी सूचना काल पुन्हा टाकली आहे. या वेळी खाली एक ओळ जास्त लिहिली: मला एक शंका आहे.

जय भीम.